टोपातला टोमॅटो आणि न शिजणारा बटाटा

गडावर मुक्काम, पंधरा जणांचा शिधा आणि एकच मोठा टोप. त्यात मसूर, बटाटा, गाजर, फ्लॉवर असं सगळं घालून रस्सा रटरटत ठेवलेला. तास होऊन गेला तरी बटाटा टणक आणि डाळीत कणी. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, "उंचावर हवा विरळ असते ना, इथे शिजतच नाही." सह्याद्रीत हे वाक्य इतकं रुळलं आहे की त्याचा एकदा नीट हिशेब मांडायला हवा.

हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, हे आपण शाळेत शिकलो. साधारण 300 मीटर चढलं की उत्कलनबिंदू 1 अंशाने उतरतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. तिथेही पाणी 94-95 अंशांना उकळेल. शिजण्याच्या रासायनिक क्रियेचा वेग दर 10 अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो असं धरलं, तर घरी 20 मिनिटं घेणाऱ्या बटाट्याला तिथे अर्धा तास लागावा. तासभर कच्चा राहण्याचं कारण काही हे नव्हे.

खरी अडचण येते ती याच्या दुप्पट उंचीवर. मार्च 1835 मध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता. मुक्काम 11,000 फुटांच्या आसपास. बटाट्याचं भांडं रात्रभर विस्तवावर ठेवलं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी बटाटे शिजले नाहीत. त्याच्या दोन सोबत्यांनी निष्कर्ष काढला की हे नवं भांडंच शापित आहे, त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत! कारण डोळ्यांना दिसलं नाही की माणूस भांड्याला बोल लावतो. आपल्याकडे नजर लागते म्हणतात, त्याच जातीचा हा विचार. डार्विनला मात्र दाबाचं कारण ठाऊक होतं.

मग आपला बटाटा कशाने अडला? बऱ्याचदा टोमॅटोने. फोडणीत कांदा परतला, लगेच सहा-सात टोमॅटो चिरून घातले आणि त्यावर डाळ-भाज्या ओतल्या, की काम बिघडलं.

यामागची रसायनक्रिया मला फार सुंदर वाटते. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे. विटांच्या भिंतीत जे काम चुन्याचं, ते इथे पेक्टिनचं. बटाट्यातला स्टार्च 60-70 अंशांना पाणी पिऊन फुगतो, पण तेवढ्याने बटाटा मऊ होत नाही. पेशींमधलं पेक्टिन सुटावं लागतं आणि ते झपाट्याने सुटायला 80-85 अंशांच्या वर जावं लागतं. पाणी 89 अंशांनाच उकळत असेल, तर ही हद्द जेमतेम ओलांडली जाते आणि पेक्टिन फार हळू सुटतं. डार्विनचा बटाटा का हटून बसला ते यावरून कळतं.

पेक्टिन म्हणजे गॅलॅक्टुरोनिक आम्लाच्या रेणूंची लांबलचक साखळी. तिच्या पुष्कळशा कड्यांवर मिथाइल एस्टरचे गट असतात. पाण्यातला हायड्रॉक्साइड आयन अशा एस्टरधारी कडीच्या पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो, त्याच कडीच्या चौथ्या कार्बनवरचा बंध तुटतो आणि साखळीचे दोन तुकडे पडतात. या क्रियेला बीटा-एलिमिनेशन म्हणतात. म्हणजे उष्णता हवीच, पण हायड्रॉक्साइडही हवा. पीएच हे आम्लतेचं माप, तो जितका कमी तितकं पाणी आंबट. तो 7 वरून 5 वर आला, तर हायड्रॉक्साइड शंभर पटींनी घटतो. खूप तीव्र आम्लात साखळी वेगळ्या वाटेने तुटू शकते, पण पीएच 4 च्या आसपास दोन्ही वाटा मंद असतात आणि पेक्टिन सर्वांत जास्त टिकतं. टोमॅटोचा पीएच साधारण 4.3! चिंच आणि आमसूल तर त्याहून आंबट.

घरी करून बघता येतं. एकाच बटाट्याच्या सारख्या फोडी दोन भांड्यांत उकळा, एका भांड्यात चमचाभर चिंचेचा कोळ घाला. वीस मिनिटांनी साध्या पाण्यातली फोड बोटांत धरली की पिठूळ होऊन सुटते. चिंचेतल्या फोडीच्या कडा सुरीने कापल्या तशाच धारदार असतात आणि दाबलं तर ती करकरते.

डाळीत आणखी एक गुंता आहे. पेक्टिनच्या शेजारच्या दोन साखळ्यांना कॅल्शियमचा आयन मध्ये बसून बांधून टाकतो. म्हणून दुष्फेन, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेल्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही. डाळीत फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. पण दमट, गरम जागी डाळ महिनोन् महिने पडून राहिली की फायटेज हे विकर (एन्झाइम) फायटेटचं विघटन करतं, मोकळं झालेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनकडे जातं आणि डाळ हट्टी होते. "जुनी डाळ आहे, शिजायची नाही," हे आजीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. "मीठ आधी घातलं तर डाळ शिजत नाही," हे मात्र सोडून द्या. मिठातला सोडियम कॅल्शियमची जागा घेतो, त्यामुळे मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कडधान्य उलट लवकर मऊ होतं.

चिमूटभर खायचा सोडाही मदत करतो, कारण तो हायड्रॉक्साइड वाढवतो. जास्त घातला तर बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

चूल भडकवूनही काही साधत नाही. पाणी उकळलं की तापमान तिथेच थांबतं, वरची आच नुसती वाफ करते. एक लिटर पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेत सात लिटर पाण्याला आधण येतं. सरपण किंवा गॅस पाठीवर वाहून आणला असेल, तर टोपावर झाकण हवंच.

तेव्हा क्रम असा ठेवा: कांदा आणि मसाला परतून भिजवलेली डाळ, बटाटा, गाजर, मीठ, गरम पाणी. फ्लॉवर थोड्या वेळाने. बटाट्याची फोड डावाने सहज तुटली की मगच टोमॅटो किंवा आमसूल, आणि वर दहा मिनिटं.

राजमा मात्र या टोपात नको. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन 80 अंशांखाली टिकून राहतं. भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात चांगला अर्धा तास खदखदा उकळल्याशिवाय तो खाऊ नये. अर्धाकच्चा राजमा खाल्ला तर काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि अंधारात गड उतरायची पाळी येते. राजमाच हवा असेल, तर कुकर घेऊन जा.