पार्श्वभूमी: बेसबॉलच्या हिवाळी मेळाव्यांतील सह्या आणि ‘देणगी’ या शब्दाचा गुंता

ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या अजिंक्यपदाची अंतिम मालिका, संपते आणि फेब्रुवारीच्या मध्यास सराव शिबिरे सुरू होतात. मधल्या साडेतीन महिन्यांत अमेरिकेतील बेसबॉलच्या चाहत्याला आपला संघ प्रत्यक्ष दिसण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे संघाने भरवलेला हिवाळी मेळावा. सिनसिनाटीचा मेळावा अनेक वर्षे डिसेंबरात भरत असे, तर शिकागो, सेंट लुइस आणि मिनेसोटा येथील मेळावे जानेवारीच्या थंडीत भरतात. या मेळाव्यांत खेळाडूंशी प्रश्नोत्तरे होतात, जुने गणवेश विकले जातात, मुलांसाठी खेळ असतात. परंतु सर्वांत लांब रांग सहीच्या टेबलासमोर लागते. सही कोणाला मिळावी, किती वेळात मिळावी आणि तिच्यासाठी पैसे घ्यावेत की नाही, हा वाद आज दर हिवाळ्यात होतो. त्याची मुळे मुख्यतः १९८६ ते २००१ या पंधरा वर्षांत आहेत, म्हणून या टिपणात भर त्याच काळावर आहे.

त्यापूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हंगामाबाहेरच्या बेसबॉलच्या गप्पांना ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात, कारण दुकानातल्या पेटत्या शेगडीभोवती बसून हिवाळाभर या गप्पा चालत. १९६८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा पहिला सामूहिक करार होईपर्यंत किमान वेतन वर्षाला ६,००० डॉलर होते, ते त्या कराराने १०,००० झाले. त्यामुळे बहुसंख्य खेळाडू हिवाळ्यात दुसरी नोकरी करीत, आणि त्या नोकरीच्या जागी गाठून त्यांची सही घेणे अवघड नव्हते. पैशाचा विषय निघत नसे. मात्र म्हणून तो काळ निर्मळ होता असेही मानू नये. संघाच्या सह्यांचे म्हणून जे चेंडू वाटले जात, त्यांतील बड्या खेळाडूंच्या सह्या अनेकदा ड्रेसिंग रूममधील सेवकांनी गिरवलेल्या असत, ही गोष्ट संग्राहकांना चांगली ठाऊक आहे. १९६० च्या दशकापासून मिनेसोटाच्या संघाने आपले खेळाडू जानेवारीत गावोगावी पाठवण्यास सुरुवात केली. या फेरीला ‘कॅरव्हॅन’ म्हणतात. तिचा हेतू पुढील हंगामाची तिकिटे खपवण्याचा होता आणि सही हे त्यासाठीचे निमित्त होते.

सहीला उघड भाव आला तो संघांमुळे नव्हे, तर खेळाडूंची छायाचित्रे छापलेल्या, संग्रहासाठी घेतल्या जाणाऱ्या कार्डांच्या बाजारामुळे. १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथे संग्राहकांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले, आणि त्या दशकात गावोगावच्या हॉटेलांच्या सभागृहांतून कार्डांची प्रदर्शने भरू लागली. तेथे निवृत्त खेळाडूला टेबल, खुर्ची आणि ठरलेली रक्कम मिळे, आणि चाहता प्रत्येक सहीमागे तिकीट काढी. १९७५ च्या लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले व वेतने वाढली, पण ज्यांची कारकीर्द त्याआधीच संपली होती त्यांच्यासाठी ही प्रदर्शने म्हणजे उशिरा का होईना, पण हक्काची कमाई होती. यातला बराच पैसा रोखीने फिरला. १९९० मध्ये सर्वाधिक फटक्यांचा विक्रम नावावर असलेल्या माजी खेळाडूला सह्या व स्मृतिवस्तूंचे उत्पन्न दडवल्याबद्दल पाच महिन्यांची कैद झाली. १९९५ मध्ये आणखी दोन नामवंत निवृत्त फलंदाजांनी प्रदर्शनांतील उत्पन्न करविवरणात न दाखवल्याचा गुन्हा कबूल केला, आणि विकतच्या सहीला जो डाग लागला तो पुसायला वेळ गेला.

शिकागो शहराच्या उत्तर भागातील संघाने (कब्ज) जानेवारी १९८६ मध्ये हॉटेलात आपल्या चाहत्यांचे पहिले अधिवेशन भरवले. बेसबॉलमधील या प्रकारच्या मेळाव्यांची सुरुवात तेथून मानली जाते. मिनेसोटाचा मेळावा १९८९ मध्ये घुमटाखालच्या स्टेडियममध्ये सुरू झाला. या दोन्ही ठिकाणी सही हा प्रवेशशुल्कातच मिळणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक भाग होता. गर्दी वाढली तशी सोडत, चिठ्ठ्या आणि वेळेचे टप्पे आले. मेळाव्याचे उत्पन्न संघाच्याच धर्मादाय निधीकडे जाई. तोपर्यंत कोणाची फारशी तक्रार नव्हती.

मग १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडूंचा संप सुरू झाला, १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज झाली नाही आणि संप मिटला तो एप्रिल १९९५ मध्ये. प्रेक्षक दुखावले होते आणि कित्येक जण मैदानाकडे फिरकेनासे झाले. त्यानंतरच्या काही हिवाळ्यांत संघांनी खेळाडूंना लोकांत मिसळण्याचा आग्रह धरला, आणि मेळाव्यांतील सहीला दिलगिरीचे रूप आले. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा निर्णय नीट कळत नाही.

तो निर्णय सेंट लुइसचा. १९९७ मध्ये तेथे हिवाळी मेळावा सुरू झाला आणि त्याच वर्षी संघाचा धर्मादाय न्यासही स्थापन झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी भरणाऱ्या या मेळाव्यात प्रत्येक खेळाडूच्या सहीसाठी वेगळे तिकीट ठेवण्यात आले. नवख्या खेळाडूसाठी अल्प रक्कम किंवा काहीच नाही, प्रसिद्ध खेळाडूसाठी मोठी रक्कम, अशी ही उतरंड होती. जमा होणारा पैसा मुलांच्या उपक्रमांसाठी न्यासाकडे जाणार होता, म्हणून तिकिटाच्या रकमेला ‘किंमत’ न म्हणता ‘देणगी’ म्हटले गेले. माझ्या मते या मेळाव्यांच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त गोष्ट हा शब्दच आहे. पैसे घेण्याचा निर्णय त्यामानाने सोपा होता.

न्यासाची बाजू भक्कम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. तेथे खेळाडू सहीचे मानधन घेत नाहीत. कार्डांच्या प्रदर्शनात चाहत्याचा पैसा खेळाडू आणि आयोजक यांच्या खिशात जातो. येथे तोच पैसा वस्तीतल्या मुलांच्या मैदानावर खर्च होतो. शिवाय तिकीट हाती असले की सहीची शाश्वती असते, आणि पहाटेपासून रांगेत उभे राहून टेबल बंद झाल्याचे ऐकून परतण्याची पाळी येत नाही. ज्यांनी ती पाळी अनुभवली आहे, त्यांना या शाश्वतीचे मोल सांगावे लागत नाही.

तरीही शब्द अडतोच. अमेरिकेच्या करकायद्यात देणगीच्या बदल्यात काही वस्तू किंवा सेवा मिळाली असेल, तर तिचे बाजारमूल्य वजा करून उरलेल्या रकमेवरच सवलत मिळते. १९९४ पासून तर, ७५ डॉलरपेक्षा अधिक रकमेच्या अशा व्यवहारात मिळालेल्या गोष्टीचे अंदाजी मूल्य न्यासाने लेखी कळवावे लागते. आता सही केलेल्या चेंडूचे बाजारमूल्य काय? तीच सही व्यापारी प्रदर्शनात जवळपास त्याच रकमेला मिळत असेल, तर कायद्याच्या हिशेबाने ‘देणगी’ शून्याच्या जवळ येते आणि उरते ती सरळ खरेदी. खेळाडूच्या बाजूनेही असाच पेच आहे. तो स्वेच्छेने वेळ देतो असे म्हटले जाते, परंतु खेळाडूंच्या प्रमाण करारनाम्यात संघाच्या वाजवी प्रसिद्धिकार्यात भाग घेण्याचे कलम आहेच. म्हणजे देणाऱ्याची देणगी पूर्णपणे देणगी नाही आणि करणाऱ्याची सेवा पूर्णपणे स्वेच्छेची नाही.

हा शब्दच्छल नाही, त्याचे परिणाम रांगेत दिसतात. पैसे मोजून वस्तू घेणाऱ्याला खोट काढण्याचा हक्क असतो. देणगी देणाऱ्याने तसे करणे शिष्टाचाराला धरून नसते. खेळाडू आजारी पडून आला नाही, घाईघाईत नावाऐवजी दोन वळणे काढून मोकळा झाला, किंवा मुलाचे नाव लिहिण्यास नकार मिळाला, तर तक्रार कोणाकडे आणि कोणत्या नात्याने करायची? मी या शुल्काच्या विरोधात नाही. आठवड्याचा पगार मोजून तिकीट काढणाऱ्या कुटुंबाला मात्र आपण गिऱ्हाईक आहोत की दाते, हे छापील शब्दांत कळले पाहिजे, आणि ते अनेक वर्षे धूसर राहिले.

मुलाचे नाव लिहिण्याचा मुद्दा वरवर लहान वाटतो, पण पालटलेला काळ त्यातच सर्वांत स्पष्ट दिसतो. चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात, आणि जेथे दोन शिवणी एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात त्या चिंचोळ्या पट्टीला संग्राहक ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. जाणता माणूस टेबलापाशी पोचण्याआधीच चेंडू फिरवून ती पट्टी वर आणतो, अंगठ्याने धरून ठेवतो आणि निळे बॉलपेन पुढे करतो, कारण मार्करची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांनी अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात. त्या पट्टीवर एकच सही असली तर भाव चढतो. तिच्यासोबत ‘अमक्यास सप्रेम’ असे काही असले तर तो उतरतो, कारण दुसऱ्याच्या नावाचा चेंडू सहसा कोणाला नको असतो. म्हणूनच काही खेळाडू मुद्दाम नाव विचारून लिहितात, म्हणजे चेंडू दुसऱ्या दिवशी लिलावात जाऊ नये. आयोजकांना मात्र रांग पुढे सरकवायची असते, आणि गर्दीच्या टेबलांवर ‘नाव लिहून मिळणार नाही’ ही सूचना येते. पूर्वी ज्या ओळीसाठी मूल पुढे जाई, तीच ओळ बाजार आणि घड्याळ या दोघांना नकोशी झाली.

‘प्रमाणित’ या दुसऱ्या शब्दाची कथा बनावट सह्यांच्या तपासातून आली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेने (एफबीआय) सॅन डिएगो परिसरातून ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम चालवली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये अनेक ठिकाणी एकाच वेळी झडत्या घेतल्या. खेळाडूंच्या सह्यांबरोबर मदर तेरेसा यांची खोटी सही असलेले बेसबॉलही या व्यापारात निघाले, यावरून निर्ढावलेपणाची कल्पना यावी. सॅन डिएगोच्या एका थोर फलंदाजाला तर संघाच्याच दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या आढळल्या होत्या. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीगने, म्हणजे या सर्व संघांच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, प्रमाणीकरणाची योजना सुरू केली. पोलीस सेवेतील आजी-माजी माणूस सही प्रत्यक्ष पाहतो आणि क्रमांक असलेला होलोग्रामचा स्टिकर चिकटवतो. न पाहिलेल्या सहीला हा स्टिकर मिळत नाही. खासगी कंपन्या मात्र अक्षर तपासून केवळ मत देतात. दोघांनाही बोलताना ‘प्रमाणित’ म्हणतात, हा घोटाळा आजही चालू आहे. यात अडचण होते ती मेळाव्यातल्या चाहत्याची. घरून नेलेल्या चेंडूवर त्याच्या डोळ्यांसमोर सही होते, पण स्टिकर नसेल तर पुढे त्याच्या शब्दाला बाजारात वजन राहत नाही आणि आपणच पाहिलेल्या सहीसाठी त्याला परक्या तज्ज्ञाचे मत विकत घ्यावे लागते.

अलीकडच्या काळात खंड पडला तो महासाथीने. शिकागोचे अधिवेशन २०२१ आणि २०२२ मध्ये झाले नाही. त्यातच २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ या काळात संघमालकांनी टाळेबंदी पुकारली होती, आणि त्या अवधीत संघांना आपल्या करारबद्ध खेळाडूंशी संपर्कच ठेवता येत नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये शिकागोची रांग पुन्हा लागली.

सेंट लुइसच्या संघाची कॅरव्हॅनही जानेवारीतच निघते आणि छोट्या गावांतून जाते. तिला प्रवेश विनामूल्य असतो. प्रत्येक मुक्कामी १५ वर्षांपर्यंतच्या पहिल्या ४०० मुलांना एक फुकट तिकीट मिळते, ज्यावर आलेल्या प्रत्येक आजी-माजी खेळाडूची एक सही निश्चित असते. मोठ्यांना सही मिळत नाही. ते मुलांचे कोट हातात घेऊन भिंतीपाशी थांबतात.