लॅपटॉप वाय-फाय विसरलाय, की त्याचं वाय-फाय कार्ड अजून झोपलंय?

झाकण उघडलं, लॉगिन केलं आणि कोपऱ्यात वाय-फायच्या चिन्हाऐवजी नुसता पृथ्वीचा गोल दिसला, की बहुतेक जण पहिल्यांदा लॅपटॉप रीस्टार्ट करतात. बऱ्याचदा काम भागतंही. पण नेट का जोडलं गेलं नव्हतं, हे सांगणारी खूण त्या रीस्टार्टमध्ये पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार समोर येतो. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच आहे, की रीस्टार्ट करण्याआधी अर्धा मिनिट थांबा आणि नीट बघा.

कारण 'वाय-फाय आपोआप जोडलं जात नाही' या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे बिघाड असतात. पहिल्यात वाय-फाय कार्ड, म्हणजे लॅपटॉपमधला वाय-फाय पकडणारा भाग, ठणठणीत असतं, त्याला आसपासची नेटवर्कं दिसत असतात, पण तुमच्या नेटवर्कला आपणहून जोडून घ्यायचं असं लॅपटॉपच्या नोंदीत लिहिलेलं नसतं. दुसऱ्यात नोंद बरोबर असते, पण कार्डच स्लीपमधून, म्हणजे झाकण मिटल्यावरच्या झोपेतून, धड उठलेलं नसतं, त्यामुळे ती नोंद अमलात कोण आणणार? एकाला नोंदीचा बिघाड म्हणू, दुसऱ्याला कार्डाचा. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. तरी लोक सेटिंगमधल्या चौकोनात नुसती एक खूण करायची असताना ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकत बसतात, आणि कार्ड झोपलेलं असताना नेटवर्क 'फरगेट' करून, म्हणजे त्याची नोंद पुसून, पासवर्ड शोधत फिरतात. दोन्हीत तास जातो आणि हाती काही लागत नाही.

ओळखायचं कसं? वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा आणि नेटवर्कांची यादी बघा. झाकण उघडल्यावर यादी भरायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ द्या. यादीत तुमच्या नेटवर्कचं नाव आहे, त्यावर 'कनेक्ट' दाबलं आणि पासवर्ड न विचारता ते लगेच जोडलं गेलं, तर बिघाड नोंदीचा आहे. कार्डाला काहीही झालेलं नाही. उलट यादी रिकामी असेल, फोनला तेच नेटवर्क दिसत असताना लॅपटॉपला एकही दिसत नसेल किंवा वाय-फायचं बटणच गायब असेल, तर संशय कार्डावर घ्या. यादी दिसते, पण 'कनेक्ट' दाबल्यावर चक्र फिरत राहतं, शेवटी जोडता येत नाही असा संदेश येतो, आणि वाय-फाय बंद करून चालू केलं की मुकाट जोडलं जातं, हाही बहुधा कार्डाचाच प्रकार.

याहून खात्रीची एक परीक्षा आहे आणि ती फारसं कुणी करत नाही. लॅपटॉप जागा ठेवा, झाकण उघडंच राहू द्या, आणि राउटर बंद करून पुन्हा चालू करा. नाहीतर लॅपटॉप हातात घेऊन वाय-फायच्या टप्प्याबाहेर जा आणि परत या. या सगळ्यात कार्ड एकदाही झोपलेलं नसतं. परत आल्यावर लॅपटॉप आपोआप जोडला गेला नाही, तर दोष नोंदीकडे. इथे आपोआप जोडला जातो आणि फक्त स्लीपनंतर अडतो, तर दोष कार्डाकडे. तुमच्याकडे एकच परीक्षा करण्याइतका वेळ असेल तर हीच करा.

आता नोंदीविषयी. आपण पहिल्यांदा एखाद्या नेटवर्कला जोडतो, तेव्हा लॅपटॉप त्याची एक नोंद ठेवतो. नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड आणि 'आपोआप जोडायचं की नाही' ही खूण, असं सगळं त्यात असतं. ही शेवटची खूण प्रत्येक नेटवर्कची स्वतंत्र असते. म्हणूनच एका ठिकाणी लॅपटॉप झटकन जोडला जातो आणि दुसरीकडे रोज हाताने जोडावा लागतो. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स असं जाऊन आपल्या नेटवर्कच्या नावावर क्लिक केलं, की 'कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज' हा चौकोन दिसतो. मॅकवर वाय-फाय सेटिंग्जमध्ये ओळखीच्या नेटवर्कपुढच्या तीन टिंबांत 'ऑटो-जॉइन' असतं. लिनक्सवर नेटवर्कच्या तपशिलात 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'.

ही खूण कुणी मुद्दाम काढत नाही. पहिल्यांदा जोडताना घाईत चौकोन रिकामा राहतो. किंवा केव्हातरी आपणच 'डिस्कनेक्ट' दाबलेलं असतं. विंडोज त्याचा अर्थ सरळ घेते, की या माणसाला हे नेटवर्क नको आहे, आणि त्याच्याशी आपणहून जोडणं थांबवते. लिनक्सवरचा नेटवर्कमॅनेजर हा नेट जोडणारा प्रोग्रामही हाताने तोडलेलं नेटवर्क पुन्हा आपोआप जोडत नाही. तुम्ही स्वतः जोडावं लागतं किंवा मशीन रीस्टार्ट व्हावं लागतं. त्यामुळे थोडा वेळ नेट नको असेल तर 'डिस्कनेक्ट' न दाबता वाय-फायच बंद करावं, हे माझं मत. मात्र विंडोज 10 मध्ये वाय-फाय बंद करताना ते पुन्हा कधी चालू व्हावं असं विचारलं जातं: हाताने, 1 तासाने, 4 तासांनी की 1 दिवसाने. तिथे 'हाताने' राहिलं, तर ते तुम्ही चालू करेपर्यंत बंदच राहणार, आणि त्याला बिघाड म्हणता येणार नाही.

नोंदीच्याच घरातले आणखी दोन प्रकार. राउटरचं नाव लपवलेलं असेल, म्हणजे ते यादीत दिसू नये अशी व्यवस्था केली असेल, तर 'नेटवर्क आपलं नाव जाहीर करत नसलं तरी जोडा' अशा अर्थाची आणखी एक खूण लागते. ती नसेल तर पहिली खूण असूनही लॅपटॉप गप्प बसतो. दुसरा प्रकार दोन नेटवर्कांचा. राउटरचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन वेगळ्या नावांचे पट्टे असतील आणि दोन्ही ओळखीचे असतील, तर लॅपटॉप जोडला जातो, पण तुम्हाला हव्या त्या नावाला नाही. आपण त्यालाही 'आपोआप जोडत नाही' म्हणतो. नको असलेल्या नेटवर्कची खूण काढून टाकली की प्रश्न मिटतो. लिनक्सवर प्रत्येक नेटवर्कला प्राधान्याचा आकडाही देता येतो. मोठा आकडा आधी.

मग 'फरगेट' कधी करायचं? नोंदच खोटी झालेली असेल तेव्हा. राउटरचा पासवर्ड बदलला, किंवा नाव तेच ठेवून सुरक्षा डब्ल्यूपीए-2 वरून डब्ल्यूपीए-3 वर नेली, तर जुनी नोंद नव्या राउटरशी जुळत नाही. अशा वेळी वर दिलेली क्लिकची परीक्षा थोडी फसवते: नेटवर्क दिसतं, पण क्लिक केल्यावर ते जोडलं जात नाही किंवा पासवर्ड परत विचारला जातो. राउटरमध्ये नुकतं काही बदललं असेल तर नोंद पुसून नव्याने करणं हाच खरा उपाय. काहीच बदललेलं नसताना 'फरगेट' करून सहसा काही साधत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी एक खास गोष्ट. पासवर्ड जर तुमच्या खात्याच्या कीरिंगमध्ये (पासवर्डांच्या कुलूपबंद पेटीत) ठेवलेला असेल, तर लॉगिन होईपर्यंत तो हाती येत नाही आणि लॉगिनच्या पडद्यावर नेट नसतं. नेटवर्क सर्व वापरकर्त्यांसाठी खुलं केलं, की लॉगिनआधीच जोडलं जातं.

कार्डाचा बिघाड जास्त चिवट असतो, आणि त्यात लोक जास्त भरकटतात. मुळात काय घडतं ते बघू. लॅपटॉप झोपताना वीज वाचवण्यासाठी वाय-फाय कार्डाची वीज कमी करतो किंवा तोडतो. उठताना ड्रायव्हरने कार्डाला जागं करायचं, त्याची पूर्वीची स्थिती परत बसवायची आणि मग नेटवर्क शोधायला लावायचं, असा क्रम असतो. यात कुठे गडबड झाली की विंडोजच्या लेखी कार्ड जागेवर असतं, पण काम करत नाही.

पहिली बघायची जागा म्हणजे विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर. त्यात नेटवर्क अडॅप्टर्समध्ये आपलं वाय-फाय कार्ड शोधा, प्रॉपर्टीज उघडा आणि 'पॉवर मॅनेजमेंट'च्या टॅबवर जा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी संगणकाला द्यावी का, अशी खूण तिथे असते. ती काढा, लॅपटॉप झोपवून उठवा आणि फरक बघा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, पण रोज सकाळी अडून बसण्यापेक्षा ते परवडतं.

बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा टॅब सापडतच नाही, आणि लोकांना वाटतं आपणच चुकीच्या ठिकाणी आलो. तसं नसतं. या मशीनवर 'मॉडर्न स्टँडबाय' नावाची झोप असते. जुन्या पद्धतीत संपूर्ण मशीन थंड पडायचं. नव्या पद्धतीत ते अर्धवट जागं राहतं आणि कार्डाची वीज कधी कमी करायची हे विंडोज आणि ड्रायव्हर आपसांत ठरवतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला लिहून आज्ञा देण्याच्या खिडकीत) 'powercfg /a' टाइप केलं, की तुमच्या मशीनवर झोपेचे कोणते प्रकार उपलब्ध आहेत ते दिसतं. त्यात 'एस-झिरो लो पॉवर आयडल' (S0 Low Power Idle) दिसलं तर तुमचं मशीन नव्या पद्धतीचं. अशा मशीनवर सगळी भिस्त ड्रायव्हरवर. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या नेमक्या मॉडेलचा घ्यावा. आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर नवीन ड्रायव्हर शोधण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरून बघा. चालू असलेला जुना ड्रायव्हर नव्यापेक्षा कधीही बरा.

रीस्टार्ट आणि शटडाउन हे दोन्ही एकच, असं मानणाऱ्यांनी इथे जरा लक्ष द्या. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर जतन करते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. म्हणजे शटडाउन केल्यावरही ड्रायव्हरची बिघडलेली अवस्था तशीच परत येऊ शकते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. तेव्हा रात्री शटडाउन करून सकाळी सुरू केल्यावर वाय-फाय अडलं आणि लगेच रीस्टार्ट केल्यावर ठीक झालं, तर फास्ट स्टार्टअप बंद करून बघणं आलंच. ते पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करावं हे ठरवण्याच्या पानावर असतं.

काही वेळा कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधूनही नाहीसं होतं. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि चालू करा. अडकून पडलेलं कार्ड यामुळे बऱ्याचदा परत येतं. पण हा प्रकार पुन:पुन्हा होऊ लागला, तर सेटिंग्ज चाळण्यात अर्थ नाही. कार्ड किंवा त्याची जोडणी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावी.

राउटर कधी कधी मध्येच येऊन दोन्ही परीक्षांचा निकाल बिघडवतो. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले काही चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे छोटे भाग, रडारसाठीही वापरले जातात. ते वापरण्याआधी राउटरला किमान 60 सेकंद नुसतं ऐकत राहावं लागतं. म्हणून वीज जाऊन आल्यावर 2.4 चं नाव आधी दिसतं आणि 5 चं उशिरा, आणि लॅपटॉप जे आधी दिसलं त्याला चिकटतो. 2.4 च्या पट्ट्यातल्या 12 आणि 13 या चॅनेलचा आणखी एक घोळ आहे. कार्ड ज्या प्रदेशाच्या नियमांवर बसवलेलं आहे तिथे हे चॅनेल वापरात नसतील, तर फोनला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नाही. ते कार्डाच्या बिघाडासारखं भासतं, पण बाकी सगळी नेटवर्कं दिसत असतात, हा फरक लक्षात ठेवा. राउटरचा चॅनेल 1, 6 किंवा 11 वर आणला की काम होतं.

वाय-फाय जोडलं गेलंय, पण इंटरनेट नाही, हा प्रकार या दोहोंत बसत नाही. तिथे आपोआप जोडण्याचं काम झालेलं असतं. लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, एवढं समजून शोध तिकडे वळवा.

विंडोजमधल्या 'नेटवर्क रीसेट'बद्दल मला जरा कळकळीने सांगायचं आहे. ते सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवतं, आणि त्यासोबत जतन केलेली नेटवर्कं, त्यांचे पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणीही जाते. बटण एकच असल्यामुळे मोह होतो. पण ते नोंद आणि कार्ड दोन्हींवर एकदम घाव घालतं. उपयोग झाला तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि कार्डाचा बिघाड स्लीपमधला असेल तर चार दिवसांनी तो परत येतो. ते अगदी शेवटी ठेवा, आणि त्याआधी पासवर्ड लिहून घ्या.

दोन्ही बिघाड एकाच लॅपटॉपवर असू शकतात का? असू शकतात. स्लीपनंतर यादी रिकामी येते, आणि ती भरल्यावरही क्लिक करावंच लागतं. अशा वेळी आधी कार्डाचं बघा. कार्ड स्लीपमधून नीट उठतंय याची खात्री झाल्याशिवाय नोंदीची खूण लागू पडते की नाही, हे तपासताच येत नाही.