मुक्तिनाथला जाताय? महिन्यासोबत डोंगराची बाजूपण बघा

आपल्याकडून मुक्तिनाथला जाणारे बरेच जण आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, नेपाळला कधी जावं. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल, हे कोणीपण सांगेल आणि ते बरोबरच आहे. पण तिथली हवा महिन्याइतकीच उंचीवर आणि डोंगराच्या बाजूवर ठरते, ते समजलं की बॅग भरणंसुद्धा सोपं होतं.

पोखरा साधारण 800 मीटरवर, मुक्तिनाथ 3,700 च्या आसपास. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा डिग्री कमी होतात, म्हणजे पोखऱ्यात टी-शर्टवर फिरताय त्याच दुपारी वर 18-19 डिग्रीने जास्त थंडी असते, वारा वेगळाच.

पावसाचं तर अजून भारी आहे. जूनच्या मध्यात मान्सून नेपाळमध्ये पूर्वेकडून शिरतो, बंगालच्या उपसागरावरचे ढग अन्नपूर्णेच्या दक्षिण उतारावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि पोखरा भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओततात. डोंगर ओलांडून पलीकडच्या, मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोम गावाला पोचेपर्यंत त्यांच्यात काही उरतच नाही, तिथे वर्षाचा पाऊस 300 मिलिमीटरच्याही आत. महाबळेश्वर आणि वाईचं जे नातं तेच हे, फक्त मधला डोंगर 8,091 मीटरचा! घरं बघूनपण कळतं, पोखऱ्याकडच्या खेड्यांत उतरती छपरं आणि जोमसोमजवळ मार्फा गावात सपाट धाबी, त्यांच्या कडेला सरपण रचून ठेवलेलं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरापलीकडचा मुस्तांग जिल्हा (जोमसोम, मुक्तिनाथ यातच) बऱ्यापैकी कोरडा असतो, त्रास होतो तो तिथे पोचायच्या रस्त्यात, दरडी कोसळतात आणि ढगांमुळे विमानं रद्द होतात.

जोमसोमची विमानं सकाळीच का उडतात तेपण बघा. ऊन चढलं की मुस्तांगचं उघडंबोडकं पठार तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची हवा कालीगंडकीच्या खोऱ्यातून वर खेचली जाते, आणि धौलागिरी-अन्नपूर्णेच्या मधली वाट अरुंद असल्याने तिचा वेग प्रचंड वाढतो. दुपारी नदीपात्रातली वाळू अक्षरशः तोंडावर मारते, त्यामुळे चालणं, दर्शन वगैरे शक्यतो सकाळीच उरका आणि दुपारसाठी तोंडाला रुमाल, डोळ्यांना गॉगल हवाच.

आता ऑक्टोबरबद्दल एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं, त्याचं उरलेलं बाष्प उत्तरेला सरकलं आणि दोनच दिवसांत मुक्तिनाथच्या वरच्या 5,416 मीटरच्या थोरोंग ला खिंडीत भयंकर बर्फ पडला, त्या भागात 40 पेक्षा जास्त माणसं गेली, तेही ऐन ट्रेकिंग सीझनमध्ये. आपल्या पूर्व किनाऱ्यावर वादळाचा इशारा असेल तर काठमांडूचा अंदाज स्वच्छ दिसला तरी दोन दिवस पोखऱ्यातच थांबा, आणि परतीचं तिकीट काढतानाच तेवढी जागा ठेवा.