जुन्या जीपमधील गिअर व अ‍ॅक्सलच्या आवाजाचे निदान

इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरपेटी), प्रोपेलर शाफ्ट (ती पुढे नेणारा लांब दांडा) आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ती वाटणारा गिअरसंच) यांमधून चाकांपर्यंत जाते. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत या वाटेवर उठणारी घरघर, गुंजन किंवा खडखड नेमकी कुठली, हे काही न खोलता ठरवणे म्हणजे हे निदान. नाशिकमध्ये त्याची गरज वरचेवर पडते. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे आणि त्र्यंबक, पेठ, हरसूल या डोंगराळ पट्ट्यात जुन्या जीपा अजून कामावर आहेत.

निदानातली मुख्य अडचण ही की आवाज जिथे ऐकू येतो तिथे तो जन्मलेला नसतो. शिडीसारखी लोखंडी चॅसी मागच्या अ‍ॅक्सलचे गुंजन थेट ड्रायव्हरच्या पायाखाली आणून सोडते आणि मग निष्कारण गिअरबॉक्स उतरवला जातो. म्हणून कानापेक्षा परिस्थितीवर भर द्यावा: आवाज कशाने वाढतो, कशाने थांबतो, कशाने बदलतच नाही.

सुरुवात उभ्या गाडीपासून. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. घरघर येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची (ताकद आत आणणारा दांडा) किंवा काउंटर शाफ्टची (त्याला समांतर असलेला, गिअर बदलून देणारा दांडा) बेअरिंगे तपासावीत. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवताना दाब घेणारे बेअरिंग. चालत्या गाडीत बाकीच्या गिअरांत आवाज आणि डायरेक्ट टॉपमध्ये, म्हणजे ताकद सरळ पुढे जाणाऱ्या सर्वांत वरच्या गिअरमध्ये, शांतता असेल, तर बोट काउंटर शाफ्टकडे जाते, कारण टॉपमध्ये त्याच्यावर भार नसतो. दातेरी चाकांवर चालणारी जुनी ट्रान्सफर केस मात्र नवी असतानाही थोडी गुणगुणत असे. त्या आवाजापायी ती उघडू नये.

डिफरन्शियलसाठी कसारा घाटासारखी चाचणीची जागा नाही. इगतपुरीकडे चढताना क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधले मोठे दातेरी चाक आणि त्याला फिरवणारे छोटे) दातांची एक बाजू भार घेते. कसाऱ्याकडे गिअरमध्येच, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना दुसरी. फक्त चढताना किंवा फक्त उतरताना येणारे गुंजन दातांच्या बैठकीशी किंवा पिनियनच्या बेअरिंगशी निगडित असते. दोन्हीकडे सारखेच राहणारे, वेगानुसारच बदलणारे गुंजन बहुधा चाकाच्या बेअरिंगचे किंवा जाड नक्षीच्या टायरचे. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला, तर टायर. डावीकडे वळताना वाढला, तर उजव्या चाकाचे बेअरिंग, कारण तेव्हा भार तिकडे झुकतो.

ठोका पडत असेल तर मोजावे. विलीस या अमेरिकी कंपनीच्या परवान्यावर बनलेल्या सीजे-३बी जीपमध्ये क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दाते, म्हणजे गुणोत्तर सुमारे ५.३८. क्राऊनचा दात तुटला तर चाकाच्या एका फेरीला एकदा टक् होते. पिनियनचा तुटला तर पाचपटीहून जास्त वेळा. हा फरक साध्या कानालाही कळतो आणि त्यासाठी एक बोल्टही सोडावा लागत नाही.

गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच ‘खट्’ येणे ही युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाच्या, क्रॉसवर वळणाऱ्या सांध्याची खूण. गाडीखाली जाऊन क्रॉसच्या टोप्यांजवळ पाहावे: तांबूस कोरडी भुकटी जमली असेल तर आतले ग्रीस केव्हाच संपले आहे. चाकांना अडण्या लावून शाफ्ट हाताने पिळला की ढिलाई हाताला लागते. फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाके अक्षापासून सुटी करणारी जोडणी) असतील तर ते सोडून पाहावेत. आवाज गेला तर तो पुढच्या अ‍ॅक्सलचा. मात्र ही तपासणी फोर-व्हील टाकून कोरड्या डांबरावर करू नये, गाडी जखडते आणि नवेच आवाज निघतात.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक भागात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांचे ब्रीदर, म्हणजे अक्षाच्या आवरणातली हवा आत-बाहेर होऊ देणारी छोटी छिद्रे, आधी बघावेत. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात अचानक थंड झाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ होते, बेअरिंगांवर गंज धरतो, आणि गुंजन महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होते, तेव्हा ओढा कुणाच्या लक्षातही नसतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी बारीक लगदा असणे सामान्य. बोटाला टोचणारे कपचे निघाले तर गाडी तिथेच थांबवावी.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एकच बदलणे चूक. नवी जोडी बसवताना दातांमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात आणि दातांना रंग लावून ठसा मधोमध उमटतो का ते पाहतात. त्यानंतर सुरुवातीला जड ओढ टाळून, मध्ये मध्ये अ‍ॅक्सल थंड होऊ देत गाडी चालवतात आणि पहिले तेल लवकर काढून टाकतात.