व्हीएमचा मॅक अ‍ॅड्रेस बदलायचाय? आतून नको, पॅनेलमधून बदला

व्हीएम म्हणजे आमच्या होस्टवर चालणारा तुमचा आभासी सर्व्हर, आणि मॅक म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता. 'मॅक बदलला आणि नेटवर्क गेलं' अशी तिकिटं आमच्याकडे सारखी येतात. चूक बहुतेक वेळा एकच असते. अ‍ॅड्रेस लिनक्सच्या आतून बदललेला असतो, 'आयपी लिंक सेट' कमांडने किंवा नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये लिहून.

अशा वेळी व्हीएमच्या आत बिघाड दिसत नाही. इंटरफेस अप असतो, स्टॅटिक आयपीही जागेवर असतो, फक्त गेटवे पिंगला उत्तर देत नाही. अडवणूक बाहेर होते. आमच्या केव्हीएम होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या मूळ सर्व्हरवर) प्रत्येक व्हीएमच्या पोर्टला लिबव्हर्टचा, म्हणजे व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, खोटा मॅक अडवणारा मॅक-स्पूफिंग फिल्टर आहे. पॅनेलमध्ये नोंदलेला मॅक सोडून दुसऱ्या मॅकने निघालेली फ्रेम तो तिथेच टाकून देतो, डीएचसीपीची (आपोआप आयपी मागणारी) विनंतीसुद्धा. 'आमच्यापुरता फिल्टर काढा' असं काही जण म्हणतात. तो आम्ही काढत नाही. त्याच ब्रिजवर (होस्टमधल्या आभासी स्विचवर) शेजारी दुसऱ्या ग्राहकाची व्हीएम असते. तिने उद्या तुमचाच मॅक लावला तर ब्रिज तो कधी तुमच्या पोर्टवर शिकेल, कधी तिच्या, आणि तुमची पॅकेट तिच्या दारात जाऊन पडतील.

बदलायचा क्रम असा. व्हीएम पहिल्यांदा सुरू होताना क्लाउड-इनिटने बनवलेल्या नेटप्लॅन फाइलमध्ये 'मॅच'खाली जुना मॅक लिहिलेला असतो. आधी तिथे नवा लिहा, पण लागू करू नका. तिथे जुना मॅक तसाच राहिला तर नव्या मॅकचं कार्ड कुठल्याच नोंदीशी जुळत नाही आणि आयपी मिळत नाही. मग व्हीएम पूर्ण शटडाउन करा, पॅनेलमध्ये नेटवर्क टॅबवर नवा मॅक भरा, सेव्ह करा आणि पॅनेलमधूनच स्टार्ट करा. आतून नुसतं रीबूट करून भागत नाही, कारण रीबूटमध्ये होस्टवरची, व्हीएम चालवणारी क्यूएमू प्रोसेस तीच चालू राहते आणि जुनंच कार्ड पुढे येतं. अडकलात तर पॅनेलमधला कन्सोल वापरा. त्याला व्हीएमचं नेटवर्क लागत नाही.

कोणता मॅक भरायचा? विशेष गरज नसेल तर 'नवा तयार करा' हे बटण दाबा. ते ५२:५४:०० ने सुरू होणारा, आमच्याकडे कुठेही वापरात नसलेला मॅक देतं. स्वतः भरणार असाल तर दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई ठेवा. हे अंक स्थानिक पातळीवर ठरवलेल्या युनिकास्ट (एकाच कार्डाच्या) पत्त्याची खूण आहेत. पहिल्या जोडीचा दुसरा अंक विषम आला की पत्ता मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीचा) ठरतो आणि लिबव्हर्ट तो घेतच नाही. एफई ही जोडीही टाळा, ती लिबव्हर्ट व्हीएमला ब्रिजशी जोडणाऱ्या, होस्टच्या बाजूच्या टॅप कार्डासाठी राखून ठेवतो. व्हीएमची मांडणी लिहिलेली एक्सएमएल फाइल थेट उघडून द्या अशीही मागणी येते. पण त्याच फाइलमध्ये डिस्कचे पाथ आणि ब्रिजचं नावही असतं, म्हणून आम्ही मॅकची एकच चौकट दिली आहे. ती चुकीचा पत्ता सेव्ह व्हायच्या आधीच लाल करते.

क्लोनचा घोळ वेगळा. पॅनेलमधून व्हीएमची हुबेहूब प्रत (क्लोन) केली तर मॅक आपोआप नवा मिळतो, तरीही दोन्ही उबुंटू व्हीएम एकच आयपी मागतात. नेटप्लॅनमागचं सिस्टमडी डीएचसीपीला स्वतःची ओळख मशीन-आयडीवरून (लिनक्सच्या प्रत्येक इन्स्टॉलच्या ओळख क्रमांकावरून) देतं, आणि तो क्लोनमध्ये तसाच उतरलेला असतो. क्लोनमध्ये ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करून रीबूट करा, किंवा नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर 'मॅक' ठेवा.

जुन्या सर्व्हरच्या मॅकला बांधलेलं लायसन्स असेल तर आधी विक्रेत्याची परवानगी तपासा. ती असेल तर तो मॅक आम्ही होस्टवरच नोंदवून देतो. स्थलांतराच्या पॅकेजमध्ये याचे वेगळे पैसे नाहीत. तिकिटात व्हीएमचं नाव, जुना मॅक आणि बंद ठेवता येईल अशी दहा मिनिटांची वेळ लिहा.