सीक्यूएस मानांकन आणि बँकेचे पॅनेल: इंग्लंडमध्ये घर घेताना एकच वाटणाऱ्या दोन गोष्टी

इंग्लंड किंवा वेल्समध्ये कर्ज काढून घर घेणाऱ्याला सॉलिसिटर फर्म सांगते की आमच्याकडे लॉ सोसायटीचे, म्हणजे सॉलिसिटरांच्या व्यावसायिक संस्थेचे, सीक्यूएस मानांकन आहे, आणि तो समजून चालतो की आता आपल्या बँकेची या फर्मला हरकत असणार नाही. पुढे बँकेकडून कळते की ही फर्म आमच्या पॅनेलवर नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सीक्यूएस म्हणजे कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम, अर्थात घराच्या खरेदीविक्रीचे कायदेशीर काम ठरावीक दर्जाने केले जाते असे व्यावसायिक संस्थेने दिलेले मानांकन. पॅनेल म्हणजे एखाद्या विशिष्ट बँकेने किंवा बिल्डिंग सोसायटीने (गृहकर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्थेने) ‘आमचे काम या फर्मकडे सोपवता येईल’ असे ठरवून केलेली स्वतःची यादी. पहिल्यात फर्मची लायकी पाहिली जाते, तर दुसऱ्यात एका धनकोने त्या फर्मवर विश्वास टाकलेला असतो.

मुळात बँकेला अशी यादी का लागते, हे महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. आपल्याकडे बँकेचा पॅनेल वकील बँकेसाठी शोध अहवाल तयार करतो आणि खरेदीदार हवा तर आपला वेगळा वकील लावतो. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण गृहकर्जाच्या व्यवहारात एकच फर्म खरेदीदाराचे आणि बँकेचे काम एकत्र करते. मालकी हक्क निर्दोष असल्याचा दाखला ती बँकेला देते आणि त्या दाखल्याच्या भरवशावर बँक कर्जाची सगळी रक्कम फर्मच्या अशील खात्यात, म्हणजे अशिलांचे पैसे वेगळे ठेवण्याच्या खात्यात, पाठवते. व्यवहार पूर्ण झाल्यावर मुद्रांकासारखा असलेला स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स भरणे आणि लँड रजिस्ट्रीत बँकेचा बोजा नोंदवणे हेही त्याच फर्मचे काम असते. पैसे निघाल्यापासून बोजा नोंदला जाईपर्यंतच्या काळात बँकेच्या हातात त्या फर्मच्या प्रामाणिकपणाखेरीज आणि कौशल्याखेरीज फारसे काही नसते.

हा भरवसा कुठे तुटतो ते न्यायालयीन निवाड्यांत स्पष्ट दिसते. लॉइड्स टीएसबी बँकेच्या दाव्यात 2012 साली अपील न्यायालयापुढे आलेली हकीकत अशी होती की खरेदीदाराच्या फर्मने सात लाखांहून अधिक पौंड विक्रेत्याच्या सॉलिसिटरांना म्हणून पाठवले, परंतु ते ‘सॉलिसिटर’ म्हणजे एका खऱ्या फर्मची खोटी शाखा थाटून बसलेले ठग निघाले. फर्म स्वतः फसवली गेली होती, तरीही बँकेचे पैसे विश्वस्त म्हणून सांभाळण्याच्या कर्तव्याचा भंग झाला असे न्यायालयाने ठरवले. चूक नेहमी एवढी मोठी असते असे नाही. ब्रिस्टल अँड वेस्ट बिल्डिंग सोसायटीच्या 1996 मध्ये निकाली निघालेल्या दाव्यात कर्ज 59,000 पौंडांचे होते आणि सोसायटीला न कळवलेला दुसरा बोजा अवघ्या 3,350 पौंडांचा होता, तरी तो वाद अपील न्यायालयापर्यंत गेला. माझ्या मते पॅनेलविषयी बँका दाखवतात तो कडकपणा या पार्श्वभूमीवर पाहिला, तर तो आडमुठेपणा वाटत नाही.

2008 च्या आर्थिक पडझडीनंतर गृहकर्जातील फसवणुकीची प्रकरणे उघडकीला आली, तशा बँका आपापली पॅनेले चाळून छोट्या फर्म वगळू लागल्या. लॉ सोसायटीने 2011 मध्ये सीक्यूएस सुरू केली, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. चांगल्या फर्म कोणत्या हे व्यवसायानेच दाखवून द्यावे आणि बँकांना सरसकट कात्री लावण्याची गरज उरू नये, असा तो विचार होता. मानांकनासाठी फर्मला एक जबाबदार वरिष्ठ अधिकारी नेमावा लागतो, कर्मचाऱ्यांचे ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, लॉ सोसायटीची कार्यपद्धती पाळावी लागते आणि ठरावीक मुदतीने मानांकनाचे नूतनीकरण करावे लागते. ही योजना सॉलिसिटरांच्या फर्मसाठी आहे. 1985 च्या कायद्याने निर्माण झालेल्या लायसन्स्ड कन्व्हेयन्सर या, घरांच्या खरेदीविक्रीचेच कायदेशीर काम करणाऱ्या व्यावसायिकांचे नियमन वेगळी कौन्सिल करते, त्यामुळे त्यांच्या फर्मकडे सीक्यूएस दिसले नाही तर त्यावरून त्यांच्या दर्जाविषयी कोणतेही अनुमान काढणे अन्यायाचे ठरेल. त्या फर्मही अनेक बँकांच्या पॅनेलवर असतात.

या दोन गोष्टींची गाठ पडते ती अशी की अनेक मोठ्या बँकांनी सॉलिसिटर फर्मना पॅनेलसाठी सीक्यूएस ही पूर्वअट घातली आहे. एचएसबीसीने 2012 च्या सुरुवातीला आपले पॅनेल केवळ 43 फर्मपुरते ठेवले, तेव्हा बाकीच्या हजारो फर्म मानांकन असो वा नसो बाहेरच राहिल्या. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढे बँकेने सीक्यूएस फर्मसाठी वाट मोकळी केली. गोंधळाचे मूळ मला इथेच दिसते. दार उघडण्यासाठी जे लागते तेच आत जाण्याचे आमंत्रण आहे, असे लोक समजतात.

आत जाण्यासाठी फर्मला प्रत्येक धनकोकडे वेगळा अर्ज करावा लागतो. काही बँका हे काम लेंडर एक्सचेंजसारख्या सामाईक पोर्टलमार्फत करतात, जिथे फर्म आपली माहिती एकदा भरते आणि अनेक बँका ती पाहतात, परंतु निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो. भागीदार किती आहेत, नियामकाने पूर्वी काही कारवाई केली आहे का, विमादाव्यांचा इतिहास काय आहे आणि व्यावसायिक विम्याचे संरक्षण किती आहे, हे सगळे तपासले जाते. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी या नियामकाने कंपनीस्वरूपाच्या फर्मसाठी किमान 30 लाख पौंडांचा आणि इतरांसाठी 20 लाख पौंडांचा विमा सक्तीचा केला आहे, मात्र बँक याहून अधिक मागू शकते. एकट्याने काम करणाऱ्या सॉलिसिटरांना काही बँका घेतच नाहीत. त्या व्यक्तीच्या कामात काही उणे नसले तरी तिच्या आजारपणात किंवा गैरहजेरीत पैशांवर दुसऱ्या कोणाची नजर राहत नाही, एवढेच त्यामागचे कारण असते.

पॅनेलवर टिकून राहणे हे आत शिरण्याहून कठीण असते, असे मला वाटते. यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेचे मॉर्गेज लेंडर्स हँडबुक हा या टिकण्याचा मुख्य आधार असून त्याच्या पहिल्या भागात सर्वांना लागू असणाऱ्या सूचना आणि दुसऱ्या भागात प्रत्येक बँकेच्या स्वतःच्या अटी असतात. विक्रेत्याच्या नावावर घर नोंदून सहा महिनेही झाले नसतील तर ते बँकेला कळवावे, समोरचे सॉलिसिटर परिचयाचे नसतील तर ते नियामकाच्या यादीत आहेत याची खात्री करावी, अशी त्यातील कलमे वर सांगितलेल्या फसवणुकींची आठवण करून देतात. व्यवहारानंतरची शिस्तही तितकीच महत्त्वाची असते. इंग्लंडमध्ये कराचे विवरणपत्र 14 दिवसांत भरावे लागते, आणि व्यवहारापूर्वी लँड रजिस्ट्रीत काढलेल्या शोधाने मिळणारे संरक्षण 30 कामकाजी दिवसांचे असते. या मुदतीत नोंदणीचा अर्ज गेला नाही तर मध्ये दुसऱ्या कोणाचा बोजा शिरून अग्रक्रम मिळवू शकतो. बोजे नोंदवायचे राहिलेली जुनी प्रकरणे फर्मकडे साचू लागली की बँकेचा विश्वास उडायला वेळ लागत नाही. काही बँका तर पुरेसे काम येत नाही एवढ्या कारणावरूनही फर्मचे नाव कमी करतात. या निर्णयाने सीक्यूएस जात नाही, कारण ते लॉ सोसायटीने दिलेले असते. मात्र सीक्यूएस गेले तर ज्या बँकांनी ती पूर्वअट ठेवली आहे त्यांच्या पॅनेलवरील स्थान एकदम धोक्यात येते.

लंडनमधील मराठी कुटुंबांना या हँडबुकातील एक कलम हमखास भेटते. पुण्याहून किंवा नाशिकहून आईवडिलांनी घरासाठी पैसे पाठवले, तर उरलेली किंमत कर्जदाराच्या स्वतःच्या पैशांतून येत नाही हे फर्मने बँकेला कळवणे आवश्यक असते. कर्जदाराने त्यास संमती दिली नाही, तर फर्मने बँकेचे काम परत करावे असे हँडबुक सांगते, कारण अशिलाची गोपनीयता मोडण्याचा अधिकार तिला नसतो. सॉलिसिटर असे प्रश्न विचारतात तेव्हा त्यात अविश्वास मानू नये. ते प्रश्न विचारले गेले नाहीत तर फर्मचे पॅनेलवरील स्थान डळमळते आणि कर्जदाराचा व्यवहारही अडतो.

म्हणून फर्म नेमण्यापूर्वी ‘तुम्ही बँकांच्या पॅनेलवर आहात का’ असे मोघम विचारू नये, तर आपल्या धनकोचे नाव घेऊन विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. पुढे चांगल्या व्याजदरासाठी बँक बदलली तर तोच प्रश्न नव्या नावाने पुन्हा विचारावा. नवीन बँकेच्या पॅनेलवर फर्म नसेल तर बँक आपल्यासाठी दुसरी फर्म नेमते आणि तिचे शुल्क बहुधा कर्जदारालाच भरावे लागते, किंवा कर्जदाराला स्वतःची फर्म बदलावी लागते, आणि तोवर झालेल्या कामाचा बराचसा भाग पुन्हा करावा लागतो.