घरच्या घरी रेझिस्टन्स सोल्डरिंग सेट : ट्रान्सफॉर्मर नेणाऱ्यांसाठी माहिती

आमचा लो-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर नेणारे बरेचजण रेल्वे मॉडेलवाले नाहीतर पितळेचं बारीक काम करणारे असतात आणि काउंटरवर रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून हा कागद बॉक्समध्ये टाकतोय.

साध्या सोल्डरिंग आयर्नने पितळी पत्र्यावर जाड पार्ट लावायला गेलात की पत्रा सगळी उष्णता ओढून घेतो, तुम्ही आयर्न टेकवून बसता आणि तोवर शेजारी आधी लावलेली शिडी सुटून हातात येते. रेझिस्टन्स सोल्डरिंगमध्ये जॉइंटमधूनच करंट सोडायचा. व्होल्टेज ३-४ च, पण करंट ४०-५० अँपिअरपर्यंत, आणि कार्बनच्या कांडीचं टोक टेकतं तिथेच रेझिस्टन्स जास्त म्हणून उष्णताही तिथेच. दोन-तीन सेकंदात सोल्डर पाघळतं, शेजारच्या जॉइंटला पत्ताही लागत नाही.

आमचा २५० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) पीस असतो, २, ३, ४ आणि ५ व्होल्टचे टॅप, म्हणजे केबल जोडायची वेगवेगळी टोकं. एचओ स्केलच्या (१:८७ मापाच्या रेल्वे मॉडेलच्या) कामाला पुष्कळ झाला, उगाच मोठा मागू नका, बारीक पार्ट जळतात. पॉवर टॅप बदलूनच कमी-जास्त करा, पंख्याचा रेग्युलेटर मध्ये घालू नका.

आता मायक्रोवेव्हचं. व्हिडिओ बघून त्यातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी जुना ओव्हन फोडायचा विचार असेल तर राहू द्या, आमचा धंदा जातो म्हणून नाही सांगत. ओव्हनमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो, जीव जाऊ शकतो. शिवाय तो ट्रान्सफॉर्मर काही लोड नसतानाही तापतो.

स्विच पायाचाच घ्या, दोन्ही हात कामात असतात. तो प्रायमरीला म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला लागतो, त्यामुळे बॉडी अर्थ केलेला, दाबला की चालू आणि सोडला की बंद असा साधा ऑन-ऑफ. शिलाई मशीनचा पेडल चालणार नाही, तो स्पीड कमी-जास्त करणारा असतो. ट्रान्सफॉर्मरची कोअरही (लोखंडी गाभा) अर्थ करा, थ्री-पिन प्लग, आणि फ्यूज २ अँपिअरचा स्लो-ब्लो, कारण चालू होताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर जास्त करंट खेचतो आणि साधा फ्यूज विनाकारण उडतो. वायरिंगची सवय नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

सेकंडरीला म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूला १६ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल, दीड मीटरच्या वर नको. लग (केबलच्या टोकाला बसवायचा भोकाचा धातूचा तुकडा) नीट क्रिम्प करून बोल्ट घट्ट आवळा. लग सैल असेल तर पार्ट थंड आणि लगच गरम.

कार्बनसाठी वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात ‘गाउजिंग रॉड’ मागा, ४ एमएमचा, पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारून बघा. त्यावर तांब्याचा मुलामा असतो, तो टोकाकडे सेंटिमीटरभरच कानशीने काढा, मागे राहू द्या, पकडीत कॉन्टॅक्ट चांगला मिळतो. टोक पेन्सिलीसारखं करा, पण भुकटी लगेच पुसा, ती करंट वाहते. हँडल म्हणून पितळी नळी कानशीच्या लाकडी दांड्यात बसवली की झालं. दुसरी वायर जाड क्लिपने थेट पत्र्याला, पत्रा क्लिपखाली स्वच्छ घासलेला हवा.

वापरायची रीत मात्र पाळा. दोन्ही भाग आधी टिन करून (सोल्डरचा पातळ थर देऊन) फ्लक्स लावा, पार्ट जागेवर ठेवा, कार्बन टेकवा आणि मगच पेडल दाबा. सोल्डर चमकलं की पेडल सोडा, पण कार्बन हलवू नका, सोल्डर गोठून चमक जरा उतरेपर्यंत दाबून धरा, मग उचला. पेडल दाबलेला असताना उचललात तर ठिणगी पडते आणि पितळेत काळा खड्डा होतो, तो पॉलिशनेही जात नाही. पार्ट तापायच्या ऐवजी कार्बनच लाल होत असेल तर व्होल्टेज वाढवू नका, आधी क्लिप आणि टोक साफ करा.

हातातली अंगठी काढून ठेवा. ती कार्बन आणि क्लिपच्या मध्ये आली तर तापते, बोट भाजतं. सर्किट बोर्डावर हे वापरू नका, तिथे साधं आयर्नच.

दुसऱ्या व्होल्टेजचा पीस हवा असेल तर फोनवर नुसतं ‘मोठा द्या’ म्हणू नका, पत्र्याची जाडी आणि सगळ्यात मोठा पार्ट केवढा ते सांगा, त्याप्रमाणे वाइंडिंग करून देतो. जळालेला पीस घेऊन येताना पेडल आणि केबलही आणा, बरेचदा लोचा तिथेच असतो.